शेतात बसून फिरता येईल अशी आगगाडी करायचीये, गेज कोणतं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

माढेकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात फिटर होते, बार्शी लाइट या छोट्या रेल्वेची इंजिनं आणि डबे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. लाइन ब्रॉडगेज झाली, ती इंजिनं कुठं कुठं गेली, पण त्यांच्या डोक्यातनं काही गेली नाहीत. आता वय ७४ आहे, हात अजून स्थिर आहे, घरी जुना साडेचार फुटी लेथ, ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन आहे. घरामागं वीस गुंठे मोकळे आहेत, साधारण ३२ मीटर रुंद आणि ६० मीटरच्या वर लांब, काळी जमीन, विहिरीकडच्या बाजूला थोडा उतार. तिथं नातवंडं आणि आम्हीपण वर बसून फिरू अशी खरीखुरी आगगाडी करायची असं त्यांच्या मनात आहे आणि खरं सांगायचं तर आता माझ्यापण.

यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ बघतो रोज. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ते कुणी पाच इंची म्हणतं, कुणी सव्वासात, कुणी साडेसात. यातलं आपण कोणतं घ्यायचं? वाफेचं इंजिन घरी केलं तर सरकारी परवानगी लागते का? चाकं तयार मिळतात का ओतून घ्यायची? वडिलांना वाफेचंच पाहिजे, मला वाटतं आधी बॅटरीवर करावं, यावर घरात रोज चर्चा चालू आहे. बायकोला खर्चाचा अंदाज हवाय आणि तो मला देता येत नाहीये. ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणानं सांगा.

हन्स्लेटकर:
माढेकर दादा, वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा मिरजेचा, आता लीड्समध्ये असतो आणि इथल्या मॉडेल इंजिनवाल्यांच्या क्लबात जातो. तुमच्या वडिलांना एक सांगा, बार्शी लाइटची पहिली ०-८-४ (म्हणजे पुढं काही नाही, मधे आठ ओढणारी चाकं, मागं चार) इंजिनं किटसन कंपनीनं याच गावात बांधली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानं लीड्सजवळ न्यूले इथं तात्पुरती लाइन टाकून बार्शीचं इंजिन आणि वाघिणी लोकांसमोर चालवून दाखवल्या आणि मग ते सगळं आपल्याकडं आलं. प्रत्येक अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही या एका नियमावर त्यानं अख्खी रेल्वे आखली होती, म्हणून हलके रूळ पुरले.

आता गेजचं. तुम्हाला नॅरोगेजचं इंजिन करायचंय हे तुमच्या फायद्याचं आहे, ते कसं बघा. बार्शी लाइट २ फूट ६ इंच, म्हणजे ३० इंच. पाच इंची रुळावर ती बरोबर १:६ होते, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्शाएवढी, सव्वासातवर १:४ च्या आसपास. म्हणजे मूळ इंजिन दोन मीटर रुंद धरलं तर सव्वासातवर ते अर्धा मीटर रुंद होतं, चांगलं दणकट, आत हात घालून काम करता येतं. हेच ब्रॉडगेजचं इंजिन घेतलं तर ६६ इंचाचे सव्वासात करायचे, म्हणजे १:९, तीन मीटर रुंदीचं इंजिन तेहतीस सेंटिमीटरवर येतं, सगळे पार्ट बारीक, आणि एवढ्या चिंचोळ्या गाडीवर मोठा माणूस बसला की तोल त्याच्याच हातात. त्याच रुळावर नॅरोगेज केलं की मोठं, जड, ओढायला ताकदवान इंजिन मिळतं. इथं इंग्लंडात सव्वासातवर नॅरोगेज करणारे लोक भरपूर आहेत ते याच कारणानं.

पाच इंची रूळ बहुतेक क्लबांत जमिनीपासून दोन-अडीच फूट वर खांबांवर असतात, माणूस दोन्हीकडं पाय सोडून बसतो. त्याला खांब, कठडे सगळं आलं, आणि गाडी वरून पडली तर लागतं. सव्वासात जमिनीवर टाकता येतं. लहान मुलं बसणार असतील तर माझं मत सव्वासात. साडेसात हे अमेरिकेतलं, तिथंही ईशान्येकडं सव्वासातच चालतं. दोन्हींत पाव इंचाचाच फरक दिसतो पण एकाची गाडी दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून ड्रॉइंग किंवा चाकांचं माप कुठून उतरवून घेतलं तर आधी ते कोणत्या गेजचं आहे बघून घ्या.

अजून एक, बार्शीच्या इंजिनाची ड्रॉइंग शोधताना दमलात तर लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन बघा. इंग्लंडातलीच, २ फूट ६ इंच, १९०४ ला सुरू होऊन १९३४ ला बंद पडली. तिचा इंजिनिअरही कॅलथ्रॉपच, इंजिनं किटसनचीच, २-६-४, आणि त्यांना आपल्याकडं असतात तसे मोठे हेडलॅम्प बसवायची सोय होती. इथल्या मॉडेलवाल्यांचं त्या लाइनवर अतोनात प्रेम आहे त्यामुळं माहिती भरपूर मिळते. वडिलांना तिचे फोटो दाखवा, ते लगेच ओळखतील.

पुण्याचा_पोरगा:
थोडं अवांतर पण एकदा पुण्याला या आणि कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम वडिलांना दाखवा. ते एचओ स्केल आहे, १:८७, त्यामुळं बसायचं वगैरे काही नाही, पण सिग्नल, सांधे, वेळापत्रकाप्रमाणं गाड्या सोडणं हे एका माणसानं आयुष्यभर मन लावून केलं की काय उभं राहतं ते तिथं दिसतं. आणि पेशवे पार्कातली फुलराणीपण दाखवा, १९५६ पासूनची आहे.

उद्यमनगर:
मी कोल्हापूरचा, फाउंड्री आणि मशीनशॉपशी रोजचा संबंध. वरच्या दादांनी गेज सांगितलं, मी रुळाचं बोलतो कारण सगळे इंजिनाच्या मागं लागतात आणि गाडी घसरते ती रुळामुळं.

तुमची जमीन काळी आहे हा तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ रूळ टाकले तर एका वर्षात एक बाजू वर एक बाजू खाली. त्यामुळं रूळ जिथून जाणार तिथं मीटरभर रुंदीची पट्टी फूट-दीड फूट खोदा, माती बाहेर काढा, चांगला मुरूम भरा, थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. त्यावर बारीक खडी, सहा ते दहा मिमीची, निव्वळ कच नको कारण कच पाणी धरून ठेवते. दोन्ही बाजूंनी चर काढा, पाणी विहिरीकडच्या उताराला सोडा. आणि घाई करू नका, भराव एक पावसाळा तसाच बसू द्या मग रूळ टाका. हा खर्च इंजिनाच्या आधी धरा, वहिनींना अंदाज द्यायचाय ना, त्यातला मोठा आकडा जेसीबी आणि मुरमाच्या ट्रॉल्यांचा असणार.

तुमच्या जागेत १५ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि मधे तीस-तीस मीटरचे दोन सरळ तुकडे आरामात बसतात, म्हणजे एक फेरी १५४ मीटरची. वळण यापेक्षा आवळू नका. रुळाला एमएस फ्लॅट म्हणजे साधी लोखंडी पट्टी, २५ बाय १० मिमीची, उभी वापरा, मीटरला दोन किलोला जरा कमी भरते, दोन्ही रूळ मिळून ३०८ मीटर म्हणजे ६०० किलो लोखंड. तुमच्याकडं बार्शीत नाहीतर सोलापुरात आजचा भाव विचारा, गुणाकार करा, तो आकडा पक्का. स्लीपर दर २५ सेंमीवर म्हणजे सहाशेच्या वर लागतील, त्यासाठी पट्टीचेच तुकडे कापून वेल्ड करणं सगळ्यात सोपं. पण वेल्डिंगला जिग (तुकडे मापात धरून ठेवणारा साचा) करून घ्या आणि एकदम पूर्ण शिवण मारू नका, टाके मारत आलटून पालटून करा, नाहीतर तीन-तीन मीटरचा पॅनल केळ्यासारखा वाकतो.

सांध्यात फट विसरू नका. सहा मीटरची पट्टी तापमान ५० अंशानं बदललं तर साडेतीन मिमी लांबते आणि तुमच्याकडं मे महिन्यात उन्हातलं लोखंड आणि डिसेंबरच्या पहाटेचं लोखंड यात तेवढा फरक सहज पडतो. थंडीत सकाळी जोडत असाल तर तीन-चार मिमी फट ठेवा, भर उन्हाळ्यात दुपारी जोडत असाल तर जेमतेम एक. फिशप्लेटची (दोन रूळ जोडणारी पट्टी) भोकं लांबट करा आणि बोल्ट अगदी आवळून टाकू नका.

चाकं तयार मिळत नाहीत पण त्याची काळजी नको. लाकडी पॅटर्न करून आणा, शिरोली किंवा उद्यमनगरात कुणीही कास्ट आयर्नमधे ओतून देईल, वडिलांना लेथवर फिनिश करता येईल. ट्रेडला (चाकाचा रुळावर टेकणारा भाग) थोडा उतार द्या, फ्लँजच्या (चाकाची आतली उभी कड) मुळाशी गोलाई ठेवा, अगदी काटकोन ठेवला तर चाक रुळावर चढतं. आणि दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर सगळ्या गाड्यांना एकच पाहिजे. त्यासाठी एक गेजची पट्टी करून भिंतीला टांगून ठेवा, प्रत्येक जोडी तिच्यानंच तपासायची. डब्यांना ६२०५ बेअरिंग घाला, कुठंही मिळतं, स्वस्त आहे.

माझं मत विचाराल तर आधी रूळ, मग एक साधा डबा जो हातानं ढकलून सगळीकडं फिरवून बघायचा, मग बॅटरीचं इंजिन. वाफ नंतर.

वाफेवाले_काका:
उद्यमनगर यांचं रुळाबद्दलचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य अजिबात मान्य नाही. ७४ वर्षांचा माणूस, ज्यानं आयुष्य वाफेच्या इंजिनावर काढलं, त्याला तुम्ही सांगताय की एक पावसाळा भराव बसू दे, मग रूळ, मग डबा, मग बॅटरी, आणि मग तुझं काम. तोवर त्यांनी काय करायचं? त्यांच्या हातात जे आहे ते आता वापरा. आज तो पिस्टन, ते क्रॉसहेड, तो सिलिंडरमधे वाफ वेळेवर सोडणारा व्हॉल्व्ह गियर कसा सेट करायचा हे हातानं केलेली किती माणसं उरलीत?

इंजिनाची चासी बॉयलरशिवाय पूर्ण करता येते. फ्रेम, चाकं, सिलिंडर, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह गियर सगळं बसवायचं, ठोकळ्यांवर उचलून ठेवायचं आणि पंक्चरवाल्याकडं असतो तसा कॉम्प्रेसर जोडायचा. दोन-अडीच किलो हवेवर चाकं फिरायला लागतात, व्हॉल्व्ह चुकीचा लागला असेल तर आवाजावरनं कळतं, चार ठोके सारख्या अंतरानं आले की समजायचं सेटिंग बरोबर. जगभर असंच करतात. रुळाचं काम बाहेर चालू राहील आणि वडिलांचं आत लेथवर, एकमेकांना अडत नाही.

आता बॉयलर, मी नोकरीत याच कामात होतो म्हणून नीट सांगतो. आपल्या कायद्यातल्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं बॉयलर म्हणून धरत नाहीत. आधी १९२३ चा कायदा होता, आता २०२५ चा नवा आलाय, मर्यादा तीच आहे. पाच इंची लहान इंजिनाचा बॉयलर यात सहज बसतो. सव्वासातवर १:४ मधे बार्शीचं मोठं ०-८-४ केलंत तर तो २५ लिटर ओलांडू शकतो आणि मग रजिस्ट्रेशन, इन्स्पेक्टर, मान्य ड्रॉइंग सगळं लागू होतं. म्हणून रूळ सव्वासात ठेवा पण पहिलं इंजिन लहान चार चाकी टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं) करा. इंग्लंडात रोम्युलस आणि स्वीट विल्यम नावाची सव्वासातची डिझाइन आहेत, नवशिक्यांनी केलेली चिक्कार चालू आहेत, ड्रॉइंग विकत मिळतात. स्वीट विल्यमचा लहान भाऊ स्वीट पी, तो पाच इंची, त्याचा बॉयलर मरीन टाइपचा म्हणजे फायरबॉक्स गोल, त्यामुळं स्टे (आतल्या आधाराच्या सळ्या) लावायची कटकट नाही. आठ चाकी बार्शी नंतर करा, आणि १५ मीटरच्या वळणावर ती करताना मधल्या चाकांच्या फ्लँज काढून टाकाव्या लागतील हे ध्यानात ठेवा. कुठलंही डिझाइन घेतलंत तरी क्षमता किती लिटर ते ड्रॉइंगवरनं मोजून काढा, मगच हात घाला.

कायद्यात बसत नाही म्हणून बॉयलर कसाही करायचा असं नाही. इथं मी हट्टी आहे. तांब्याचा असेल तर सिल्व्हर ब्रेझिंग जाणत्या माणसाकडून, स्टीलचा असेल तर बॉयलरचं वेल्डिंग करणाऱ्या सर्टिफाइड वेल्डरकडून. चालवायचा दाब ६ किलो असेल तर पहिली टेस्ट १२ किलोला, थंड पाण्यानं, आत हवेचा बुडबुडा न ठेवता. पाणी दाबलं जात नाही त्यामुळं काही फुटलं तरी फक्त गळतं, हवेनं टेस्ट केली तर बाँब होतो. हवेनं बॉयलर कधीही, कधीही टेस्ट करायचा नाही, वर जो कॉम्प्रेसर सांगितला तो फक्त सिलिंडरला. सेफ्टी व्हॉल्व्ह दोन. पाणी आत घालायची साधनं दोन आणि वेगवेगळी, एक इंजेक्टर (वाफेच्या जोरावर पाणी आत ढकलणारा) आणि एक हातपंप. गेज ग्लासमधे (बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी) पाणी दिसेनासं झालं आणि आत भरता येत नसेल तर आग खाली पाडायची, गाडी कुठंही असो. नंतर दर वर्षी वाफेवर टेस्ट आणि काही वर्षांनी पुन्हा दीडपट दाबानं पाण्याची टेस्ट, वहीत तारीख आणि सही.

पाणी बोअरचं घालू नका. तुमच्या भागातल्या पाण्यात क्षार इतके असतात की नळ्यांवर थर बसून इंजेक्टर बंद पडेल. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा, ते सगळ्यात उत्तम. पेटवायला लोणारी कोळसा रॉकेलमधे भिजवून आणि धुराड्यावर छोटा पंखा ठेवून हवा ओढायची, मग दगडी कोळसा. आपला चंद्रपूरकडचा कोळसा राख फार करतो, लहान फायरबॉक्समधे जाळी लगेच चोंदते, म्हणून लहान तुकडे करून लोणारीत मिसळून बघा.

माढेकर:
काका, तुमचा प्रतिसाद वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. चार ठोक्यांचं वाचलं तेव्हा ते उठून लेथपाशी गेले आणि तिथूनच म्हणाले, सिलिंडरचा पॅटर्न मी करतो. त्यामुळं आमच्या घरातला वाद मिटला, ते चासी करणार, मी रूळ आणि बॅटरीचं साधं इंजिन करणार म्हणजे वाफेचं होईपर्यंत खडी-मुरूम वाहायलापण कामाला येईल. बायकोला हवा होता तो आकडापण लोखंड, मुरूम, जेसीबी असा कागदावर आला, धन्यवाद उद्यमनगर.

आता दोन गोष्टी. ई-रिक्षाची मोटर चालेल का, का लहान पुरेल? आणि पोरांना बसवताना काय काळजी घ्यायची? गावातली सगळी पोरं येणार हे नक्की, आणि त्यांना नाही म्हणणं वडिलांना जमणार नाही.

उद्यमनगर:
काकांचं म्हणणं पटलं, वडिलांना थांबवू नका.

मोटरचा हिशोब असा. पाचशे किलोची गाडी, म्हणजे इंजिन, दोन डबे आणि चार-पाच माणसं, सपाटीला हलवत ठेवायला वळण धरून दहा किलोच्या आसपास ओढ लागते. ताशी सहा किमीला २४ व्होल्ट २५० वॉटची एक मोटर तेवढं जेमतेम देते. विहिरीकडच्या उतारावर ५० ला १ चा चढ राहिला तर अजून दहा किलो लागतील, म्हणून दोन मोटरा, प्रत्येक अ‍ॅक्सलला एक. ई-सायकलच्या मिळतात, चेन स्प्रॉकेटसकट. ई-रिक्षाची हजार वॉटची यासाठी फार होते, पोरं वेगाच्या मागं लागतात. शक्यतो भराव घालून चढ १०० ला १ च्या आत आणा. आणि इंजिनाला वजन पाहिजे, लोखंडावर लोखंडाची पकड वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी धरा, म्हणजे वीस किलो ओढायला शंभर किलोचं इंजिन. बॅटऱ्या खाली, फ्रेमच्या मधे ठेवल्या की वजन फुकट मिळतं आणि तोल पण राहतो.

बर्बँकची_मावशी:
मी कॅलिफोर्नियात असते. इथं ग्रिफिथ पार्कमधे लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्सचा ट्रॅक आहे, १९५६ पासूनची संस्था, साडेसात इंची. रविवारी लोकांना फिरवतात, माझी मुलं तिथंच मोठी झाली, म्हणून पोरांच्या बाबतीत जे बघितलंय ते सांगते.

त्याच आवारात वॉल्ट डिस्नेचं कोठार आणून ठेवलंय. त्याच्या घरामागं १९५० च्या सुमाराला अशीच रेल्वे होती, सव्वासात इंची, १:८, इंजिनाचं नाव लिली बेल. पाहुणे यायचे, चालवायचे. १९५३ मधे एकानं वळणावर वेगात घेतली, इंजिन घसरून आडवं झालं, वाफ बाहेर आली आणि एक लहान मुलगी भाजली. डिस्नेनं ती रेल्वे बंदच केली. म्हणून भाऊ, वाफेचं इंजिन असेल तेव्हा शिकलेल्या माणसाशिवाय रेग्युलेटरला (वाफ सोडायचा दांडा) कुणाचा हात लावू देऊ नका, पाहुणा कितीही आग्रह करो.

बसायचं ते मधोमध, डब्याच्या लांबीत एकामागं एक, पाय पावठ्यावर, बाहेर काहीही काढायचं नाही, फोटोसाठी वाकायचं नाही. लहान मूल मोठ्या माणसाच्या पुढ्यात. डब्याची बैठक जितकी खाली तेवढी चांगली, दीड फुटाच्या वर नेऊ नका. मुलींच्या ओढण्या आणि बायकांचे पदर आत खोचलेले आहेत ना हे सुटायच्या आधी बघायचं, चेन आणि चाकं तिथंच असतात. चेनला पत्र्याचं झाकण पाहिजेच. शेवटच्या डब्यावर गार्ड ठेवा, त्याच्याकडं शिट्टी आणि ब्रेक दोन्ही, कारण मधला डबा घसरला तर ड्रायव्हरला लगेच कळत नाही. कपलिंगच्या जोडीला सेफ्टी चेन लावा, चढावर कपलिंग सुटलं तर मागचे डबे उलटे येतात. वेग चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त, बस्स. आणि दर वेळी पोरं बसवायच्या आधी मोकळी गाडी एक फेरी सावकाश फिरवायची, दगड, काठी, साप, काय असेल ते आधी दिसलं पाहिजे.

माढेकर:
मावशी, ओढणीचं आमच्या कुणाच्या डोक्यातपण आलं नव्हतं, खूप आभार. झाकणाचं मापच टाकलं आता ड्रॉइंगमधे. सुगी झाली की दोरी-खुंटी घेऊन फक्की मारून घेतो. शेवटचं विचारतो, वळणात गेज तेवढंच ठेवायचं का सैल करायचं?

हन्स्लेटकर:
सैल करा. सरळ तुकड्यात बरोबर सव्वासात इंच, वळणात साधारण तीन मिमी जास्त, आणि सरळमधून वळणात जाताना ती वाढ दोन-तीन मीटरमधे हळूहळू आणा. बाहेरचा रूळ उचलायच्या फंदात पडू नका, या वेगाला गरज नाही, दोन्ही रूळ पाणसळीत ठेवा. वळणाचे पॅनल वेल्ड करण्याआधी पट्ट्या तीन रोलच्या बेंडरवर वाकवून घ्या, वडिलांना तो घरी करता येईल. नुसत्या ताणून वेल्ड केल्या तर सांध्याजवळ सरळ राहतात आणि गाडी नेमकी तिथंच उडते.